खारेपाटातली जमीन : बांध फुटून खाडी खाचरात आलीय, ठेवावी की द्यावी?

पेणकरीण

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठी. बाबांच्या नावावर साडेतीन एकर खारजमीन आहे. त्या एका खारात, म्हणजे एका बांधाने खाडीपासून राखलेल्या पट्ट्यात, आमच्यासारखे आणखी तीसेक खातेदार, सगळ्यांचं पाणी एकाच उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दारातून, खाडीत जातं. पावसाळ्यात भात आणि नंतर जमीन मोकळी, एवढंच पीक. पण वर्षाचा घरचा तांदूळ त्यातूनच यायचा आणि आत्याकडे, मावशीकडे पोचवायचाही त्यातूनच निघायचा.

गेल्या भाद्रपदातल्या उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली, बांध फुटला. भात पोटरीत होतं, सगळं गेलं. पाणी ओहोटीला निघून जाईल आणि चार माणसं लावून खांड बुजवू, असं गावात बोलणं झालं. पण कुणी पुढाकार घेतला नाही. खांड रुंदावत गेली आणि आता दर अमावस्या-पौर्णिमेला खाडी सरळ खाचरात येते. बांधाजवळच्या खाचरांत वीतभर उंचीची तिवरांची, म्हणजे कांदळवनाची, रोपं दिसायला लागली आहेत. वरच्या अंगाला जमीन सुकली की पांढरं मीठ फुलतं.

मी पनवेलला औषधांच्या दुकानात नोकरी करते, रविवारीच गावी जाऊ शकते. बाबा पंचाहत्तरीला आलेत. रोज सकाळी काठीवर भार देत बांधापर्यंत जातात, बघतात आणि परत येतात. घरात त्या विषयावर बोलत नाहीत.

काका म्हणतात, विकून टाका. अटल सेतू झाल्यापासून दलाल गावात फिरतायत आणि पडीक खाजण म्हणून का होईना, भाव सांगतायत. बाबांच्या ओळखीतले एक जण म्हणतात, आता खारं पाणी आलंच आहे तर कोळंबीचे तलाव करा.

मला विचारायचं आहे ते असं. ही जमीन पुन्हा भाताखाली येईल का आणि किती वर्षांत? तिवरं आत्ताच उपटून टाकली तर चालतील का? बांध कुणी दुरुस्त करायचा असतो? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. विकायचा निर्णय झालाच तर तोही समजून-उमजून व्हावा, एवढीच इच्छा आहे.

उरणचा सागर

ताई, आमची जमीन बंदराच्या वेळी गेली. जेएनपीटी १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. वाईट वाटलं तरी एक खरं सांगतो, खारात राबायला आता माणूस मिळत नाही. लावणी-कापणीची मजुरी आणि तांदळाचा भाव यांचा मेळ बसत नाही. तुम्ही पनवेलला, बाबा थकलेले, मग साडेतीन एकरांसाठी बांधाशी किती वर्षं झगडणार? योग्य भाव येत असेल तर काकांचं म्हणणं धरून चाला. मात्र पैसे हातात आले की लगेच दुसरीकडे थोडी का होईना गोड्या पाण्याची जमीन घ्या. आमच्याकडे ज्यांनी ते केलं त्यांच्याकडेच आज काहीतरी शिल्लक आहे. बाकीच्यांची घरं झाली, गाड्या आल्या आणि गेल्या.

खारपाट्या

पेणकरीण ताई, मी पलीकडचा, अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला. वडील, आजोबा आणि त्यांच्या आधीचेही खारातच कसत आले. आमच्या खाराला दोनदा खांड गेली आणि दोन्ही वेळा ती बांधली, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

सर्वांत आधी तिवरांचं, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं फुकट आहे. एकही रोप उपटू नका आणि गावात कुणाला उपटू देऊ नका. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली आणि २०१८च्या निकालात ती आणखी पक्की केली. जमीन सरकारी की खासगी, असा भेद त्यात नाही. कांदळवनाभोवती पन्नास मीटरपर्यंतचा पट्टाही त्यात येतो. सातबारा तुमचा असला तरी तिवर उभं राहिलं की ती जागा सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, सर्वांत कडक वर्गात जाते. मग बांधाची साधी डागडुजी करायलाही कोर्टाची परवानगी लागू शकते. म्हणून तुमच्याकडे वेळ किती आहे हे रोपांच्या उंचीवर ठरणार आहे. आज ती बांधाजवळच्या खाचरांत आहेत. आणखी दोन पावसाळे खांड उघडी राहिली तर सगळा खार तिवरांखाली जाईल. त्यानंतर विकायलाही काही उरणार नाही. दलाल आज 'पडीक खाजण' म्हणतोय ते त्याला हे सगळं ठाऊक आहे म्हणूनच. त्याच्या तोंडून 'पडीक' हा शब्द मान्य करू नका. ती बांध फुटलेली भातशेती आहे.

आता कागद. तुमचा बांध १९ फेब्रुवारी १९९१च्या आधीपासून आहे याचा पुरावा गोळा करा. सीआरझेडची पहिली अधिसूचना त्या दिवशीची आहे आणि २०१९च्या अधिसूचनेनुसार त्याआधीच्या बांध-उघाडीपाशी भरतीरेषा थांबते. मात्र खारं पाणी आत शिरून कांदळवन उगवलेली जागा या सवलतीत बसत नाही, म्हणून पुन्हा सांगतो, घाई करा. जुने सातबारे काढा, त्यावर भाताच्या पीकपाहणीच्या नोंदी असतील. तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घ्या, झाला नसेल तर लेखी अर्ज द्या. आज उभ्या असलेल्या रोपांचे, खांडीचे, उघाडीचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

बांध कुणाचा, हे तुमच्या खारावर अवलंबून आहे. काही खार सरकारी खारभूमी योजनेत आहेत, काही खासगी आहेत. पेणला खारभूमी विकास विभागाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन आपला खार यादीत आहे का ते विचारा. १९७९चा खारभूमी विकास कायदा आहे, त्याखालची योजना असेल तर दुरुस्तीची मागणी तिथेच करायची. एकट्याने अर्ज करू नका, तीसही खातेदारांच्या सह्या घेऊन करा. पण मंजुरी येईपर्यंत पावसाळा आला तर काय, याची तजवीज गावाने आपणच करायची असते. आमच्याकडे तिला जोळ म्हणतात. ज्याची जेवढी जमीन तेवढी त्याच्या घरची माणसं बांधावर, नाहीतर तेवढ्या माणसांची मजुरी. पूर्वी बांधावर न येणाऱ्याला गाव विचारायचं. आता घरं मुंबईला गेली आणि विचारणारं कुणी राहिलं नाही, खारेपाटातले अर्धे बांध त्यामुळेच गेले. समुद्र पूर्वीही होता, उधाणंही होती. खाडीत बार्ज वाढले, त्यांच्या लाटांनी बाहेरचा पाया खचतो हेही खरं, पण खचलेला बांध त्याच आठवड्यात भरायची सवय आपली गेली.

खांड बांधायची ती भांगाच्या पाण्यात, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे. तेव्हा भरतीचा जोर कमी असतो. अमावस्या-पौर्णिमेजवळ हात लावलात तर दिवसभराची माती एका भरतीत जाते. दोन्ही अंगांनी बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, ठोकून, मध्ये पेंढा आणि चिकणमातीचे थर देत, पायाने तुडवत यायचं. तुडवणं महत्त्वाचं. जेसीबीने नुसती माती लोटून केलेला बांध वरून चांगला दिसतो, पण आत पोकळ्या राहतात. चिंबोऱ्या तिथे बिळं करतात आणि पुढच्या उधाणाला पहिली झीर तिथूनच लागते. माती बांधाच्या पायाजवळून उचलू नका, लांबून आणा. पायाजवळ खड्डा पडला की बांध त्यात बसतो. समोर पाण्याची धार लागते तेवढ्या भागाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करता आलं तर उत्तमच.

त्याचबरोबर उघाडी बघा. बरेचदा खांडीच्या आधी उघाडी बिघडलेली असते. तिच्या झडपा भरतीच्या दाबाने आपोआप बंद आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघड्या व्हायला हव्यात. फळी कुजली, बिजागर गंजलं किंवा मध्ये ओंडका अडकला की खारं पाणी चोरासारखं आत येत राहतं आणि पावसाचं पाणी आत तुंबून बांधावर आतून दाब येतो.

जमीन येईल का? येईल. फाल्गुनापर्यंत खांड बंद झाली तर यंदाच्या पावसालाच कामाला लागता येईल. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मीठ धुवायला याहून मोठं साधन नाही. जमीन वाफशावर आली की एक नांगरट करा, म्हणजे खालचं मीठ वर चढायची वाट मोडते. खाचरांचे आतले बांध नीट करा. पहिल्या पावसाचं पाणी लगेच सोडू नका, चार-पाच दिवस खाचरात मुरू द्या, मग ओहोटी साधून उघाडीतून काढा. पुन्हा भरा, पुन्हा काढा. तिसऱ्या-चौथ्या धुण्याला पाण्याची चव बदलल्याचं जिभेला कळतं. मग रहू टाका, म्हणजे मोड आलेलं बी सरळ चिखलात फेकायचं. पहिल्या वर्षी रोपवाटिका आणि लावणी यांच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी उतारा कमीच येईल, काही खाचरं रिकामीही राहतील. दोन-तीन पावसाळ्यांत जमीन रुळावर येते.

विकण्याबद्दल मी काही सांगू नये, घरचा प्रश्न आहे. पण एवढं मनात ठेवा की याच खारेपाटात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून उपास काढले, ते कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क असावा म्हणून. आणि तुमच्याच पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ला बावीस गावांनी सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, प्रश्नावर जनमत दिलं. ह्या जमिनीला किंमत नाही असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

खाडीकाठची

बाय, मी कोळीण. आम्ही नवरा-बायको खाडीत बोकशी म्हणजे जाळं लावतो, पावसाळ्यानंतर करंदी, जवळा आणि मिळेल तो बारीक मासा. वरच्या दादांनी तिवराचं लिहिलं ते कायद्याच्या अंगाने बरोबर आहे, पण तिवर म्हणजे शेतकऱ्यावरचं संकट असं वाचणाऱ्याला वाटू नये म्हणून लिहिते.

बांधाच्या बाहेरचं तिवर ही तुमच्या बांधाची पहिली भिंत आहे. आमच्या बाजूला बघ, जिथे बाहेर दाट तिवर आणि चिप्पीची झाडं आहेत तिथे बांध तसाच उभा आहे. जिथे सरपणाला नाहीतर वाट काढायला तोडलं तिथेच खांडी गेल्या. लाट तिवरात शिरते आणि तिचं बळ जातं, गाळ तिथेच बसतो. तुमच्या खांडीसमोर बाहेरच्या अंगाला तिवर आहे की उघडा चिखल आहे, ते जाऊन बघ. उघडा असेल तर बांध बांधून झाल्यावर बाहेर तिवर रुजू द्या. गुरं सोडू नका.

आणि माझं पोट त्याच तिवरावर आहे. करंदी, बोय, चिंबोरी, निवटे, सगळ्यांची पिल्लं मुळांत वाढतात. जिताड्याचं पिल्लूही तिथेच. मिरगाचा पहिला पाऊस पडला की मासा वर चढतो, वलगण म्हणतो आपण, तेव्हा चिवणी गाभोळीने भरलेली असते आणि सगळा खारेपाट तिच्या मागे असतो. पूर्वी ती उघाडीपाशी टोपलीने मिळायची. आता खाडीचं पाणी कधी काळं, कधी तेलकट येतं. दोन्ही काठांवर कारखाने, वर बार्जची ये-जा. जाळं धुवायला पूर्वीच्या दुप्पट वेळ जातो.

कोळंबीच्या तलावांना माझा विरोध आहे. तलाव रिकामे करताना ते पाणी खाडीतच सोडतात, औषधं, उरलेलं खाद्य, सगळं. एका माणसाचं पीक निघतं आणि काठच्या चार घरांची बोकशी रिकामी येते. आणि तुमच्या शेजारच्या खातेदाराच्या खाचरात खारं पाणी झिरपेल ते वेगळंच. गावात भांडण लागेल, बाय. तीस सह्या हव्यात ना तुला?

कृषी सहायक (निवृत्त)

मी खारजमिनीच्या गावांत नोकरी केली आहे. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

माती तपासल्याशिवाय कुठलंही खत किंवा जिप्सम आणू नका. जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेलं असतं तिथे, उपयोगी पडतं. निव्वळ खाडीचं मीठ असेल तर गोड्या पाण्याने धुणं आणि निचरा, हाच इलाज. वरच्या, मधल्या आणि बांधाजवळच्या खाचरांचे नमुने वेगवेगळे घ्या, एकत्र करू नका. अहवालात क्षारता डेसिसायमन प्रति मीटरमध्ये येईल. ४च्या पुढे जमीन क्षारयुक्त समजतात. साधं भात ३पर्यंत तग धरतं, पुढे दर एककाला उत्पन्न साधारण १२ टक्क्यांनी घटत जातं. म्हणजे ७-८ आलं तर साधं वाण निम्म्यावर येणार, हे आधीच धरून चाला.

वाण मिठाला टिकणारंच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे, तुमच्या नोकरीच्या गावात! तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं निघालेली आहेत. बियाण्याची चौकशी एप्रिलमध्येच करा, जूनला धावपळ करून मिळत नाही. गावात कुणाकडे जुना राता शिल्लक असेल तर तोही थोडा ठेवा. काळा राता आणि भुरा राता खाऱ्या पाण्यात उभे राहतात. तांदूळ लाल, जाडा, पण पेज आणि भाकरी उत्तम होते.

कोळंबीबद्दल कायद्याची बाजूही बघा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरच्या कोळंबी संवर्धनावर निकाल दिला, त्यातून पुढे २००५चा किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायदा आला. नोंदणीशिवाय तलाव करता येत नाहीत आणि शेतजमीन किंवा कांदळवन मोडून कोळंबी करायला मनाई आहे. ओळखीतल्या माणसाने हे सांगितलं नसेल.

आणि पीक आलं की ई-पीक पाहणीत नोंद कराच. पुढच्या वेळी कुणी 'पडीक' म्हणालं तर दाखवायला तोच कागद लागतो.

पेणकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

या रविवारी बाबांना घेऊन सगळा खार फिरले. तिवरांची रोपं खांडीच्या तोंडाशी आणि बांधालगतच्या पहिल्या ओळीतल्या खाचरांतच आहेत, वरच्या अंगाला नाहीत. फोटो काढले. खांडीसमोर बाहेर उघडा चिखल आहे, खाडीकाठच्या ताई म्हणाल्या तसाच! डाव्या-उजव्या हाताला तिवर दाट आहे आणि तिथे बांधाला ओरखडाही नाही. उघाडीची एक झडप अर्धी गेलेली सापडली. बाबा म्हणाले, ती दोन वर्षांपासून तशीच आहे, त्यांनी गावात सांगितलं होतं. त्या दिवशी ते पुष्कळ बोलले. कुणाच्या आजोबांनी बांधाचा कुठला तुकडा राखला, ते त्यांना सगळं पाठ आहे.

काकांना इथली उत्तरं वाचून दाखवली. विकायचं त्यांनी सोडलेलं नाही, पण बांध बांधेपर्यंत थांबतो म्हणाले. सह्या गोळा करायला तेच निघाले आहेत, कारण मुंबईतल्या खातेदारांचे पत्ते त्यांच्याकडे आहेत.

दोन प्रश्न राहिले. खांडीच्या तोंडाशी जी रोपं आहेत त्यांचं काय करायचं? आणि आमचं सर्वांत खोल खाचर बहुतेक दोन-तीन वर्षं भाताला येणार नाही, तिथे जिताडा करता येईल का?

खारपाट्या

रोपं आहेत तिथे राहू द्या आणि खारभूमी विभागाच्या अर्जात ती आहेत असं स्पष्ट लिहा, फोटो जोडा. बांधाची रेषा थोडी आत घेऊन ती बाहेर ठेवता येते का, ते त्यांच्या अभियंत्याला जागेवर आणून विचारा. आमच्याकडे एका खांडीला तसंच केलं. चार गुंठे गेले, पण काम अडलं नाही. लपवून काही करू नका, कुणीतरी तक्रार करतंच आणि मग तीस घरं अडकतात.

जिताडा जरूर करा, आमच्याकडे घरोघर तळी आहेत. हा मासा खाऱ्यातून गोड्यात सहज राहतो, म्हणून पावसाच्या पाण्याच्या तळ्यात वाढतो आणि तुमच्या शेजाऱ्याच्या खाचराला मीठ लागत नाही. तळं बांधापासून लांब, खाचराच्या वरच्या टोकाला खणा आणि निघालेली माती बांधावर टाका. पिल्लं पावसाळ्यात खाडीत पागाने, म्हणजे फेकजाळ्याने, धरून आणणारे लोक आहेत, तुमच्या गावातही असतील. विकतच्या बियाण्याचा मार्गही आहे. निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनावर काम करणाऱ्या चेन्नईच्या सीबा संस्थेने १९९७ साली जिताड्याचं प्रजनन बंदिस्त जागेत करून दाखवलं, तेव्हापासून हॅचरीचं बी मिळायला लागलं. एकाच मापाची पिल्लं सोडा. लहान-मोठी एकत्र सोडली तर मोठी लहानांना खातात आणि शेवटी दहा-बाराच हाताला लागतात. खायला तळ्यात बारीक मासा हवा, तो आधी वाढू द्या. दीड-दोन वर्षांत किलोच्या वर जातो आणि पेणच्या बाजारात जिताड्याला कधीच गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आता बांधाचं. अर्ज आणि पाहणी पौषात उरकलीत तर माघातल्या अष्टम्या हाताशी येतात. कोळ्यांचा हिशेब आपल्याला पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. खाडीत तुम्ही आत आहात, तेव्हा थोडं मागेपुढे होईल, ते बाबांना विचारा. माणसं आठला बांधावर हवीत, म्हणजे पाणी उतरत असतानाच बल्ल्या ठोकायला घेता येतील. पेंढा आणि माती आदल्या दिवशीच जागेवर आणून ठेवा. उघाडीची झडप मात्र खांड बंद करायच्या आधी बदला, नाहीतर आत अडकलेलं खारं पाणी काढायला वाट राहणार नाही. तारीख ठरली की इथे कळवा, आमच्याकडची चार माणसं बल्ल्या घेऊन येतील.